ब्रॅकेट का निघतं? लाळ, ओलावा आणि दातांच्या क्लिपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मॅडम, पोरानं तसलं कायबी खाल्लं न्हाई, तरी बटण निघालं." दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकू येतं. आई बोलत असते, वडील पोराकडे डोळे वटारून बघत असतात आणि पोरगं छताकडे. पोरानं गुपचूप चिक्की फोडलेली असते, हे बऱ्याचदा खरं. पण कधीकधी पोरगं अगदी खरं बोलत असतं. ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेलं ते छोटं बटण, निघणार हे ज्या दिवशी बसवलं त्याच दिवशी ठरलेलं असतं, दाताला कुठूनशी लाळ लागली म्हणून.

कोल्हापुरात दातांना तारा बसवण्याचं काम करताना पेशंट आणि पालकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. विषयच तसा आहे.

ब्रॅकेट दाताला चिकटतं कशानं? सिमेंटनं का?

मागच्या दाढेभोवती गोल पट्टी, म्हणजे बँड, बसवतात तिला सिमेंटच लागतं. पुढच्या दातांवरचं छोटं ब्रॅकेट मात्र कंपोझिट रेझिननं, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या लगद्यानं बसतं, आणि ते चिकटतं म्हणण्यापेक्षा रुतून बसतं म्हणणं जास्त बरोबर.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, उरलेलं पाणी आणि थोडे सेंद्रिय पदार्थ. वरून ते काचेसारखं गुळगुळीत. काचेवर काही टिकवायचं तर ती आधी खरवडावी लागते. आम्ही ते काम ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडच्या जेलनं करतो. १५ ते ३० सेकंद जेल ठेवलं की वरचा अगदी पातळ थर विरघळतो आणि खाली मधाच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. याला एचिंग म्हणतात. मग पाण्यानं भरपूर धुवायचं आणि हवेनं वाळवायचं. नीट वाळलेला दात खडूसारखा पांढरट दिसतो, चमक गेलेली असते. हा पांढरेपणा आला नाही तर पुढे जायचं नाही, हे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगतात.

त्या छिद्रांत प्राइमर, म्हणजे पातळ रेझिनचा पहिला हात, उतरतो आणि निळ्या प्रकाशाखाली जागच्या जागी घट्ट होतो. रेझिनची हजारो बारीक मुळं इनॅमलमध्ये गेली असं समजा. ब्रॅकेटच्या पाठीलाही बारीक जाळी असते, तिच्यात कंपोझिट भरतं. दोन्हीकडून पकड.

ही कल्पना दंतवैद्यकाला कारखान्यातून मिळाली. लोखंडावर रंग नीट धरावा म्हणून उद्योगात फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरत. ते पाहून अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ साली तेच दातावर करून पाहिलं, तेही ८५ टक्के तीव्रतेचं, ३० सेकंद. शिवाजी उद्यमनगरात पावडर कोटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. पत्रा धुतला, फॉस्फेटिंग केलं, पण ओलाच कोटिंगला घेतला तर काय होतं, ते तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

अ‍ॅसिड लावल्यानं दात कायमचा खराब होत नाही का?

नाही. जातो तो थर मायक्रॉनमध्ये मोजतात, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ब्रॅकेटच्या कडेला अ‍ॅसिड लागून उघडी राहिलेली जागा लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटनं हळूहळू भरून येते. आमचं काम बिघडवणारी लाळच इथं दुरुस्ती करते. तारांच्या काळात दातावर पांढरे डाग पडतात ते या अ‍ॅसिडमुळे नव्हे, ब्रॅकेटभोवती साचलेल्या किटणामुळे. म्हणजे ब्रश नीट न केल्यामुळे.

मग एवढ्याशा लाळेनं काय बिघडतं? तोंडात लाळ तर असणारच.

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशंट सोडाच, कधीकधी आम्हीही त्यांची गल्लत करतो.

पहिली म्हणजे नुसतं पाणी. नेहमीचं रेझिन पाण्याला दूर लोटतं, तेल लोटतं तसं. छिद्रांत पाणी भरलेलं असेल तर प्राइमर आत उतरत नाही, वरच्यावर तरंगतो. निळा लाईट लावला की तो घट्ट होतो खरा, पण मुळं न धरलेल्या रोपासारखा. गणपतीच्या आधी घाईनं ओल्या भिंतीला रंग काढलेला असतो, तो दिवाळीपर्यंत पापुद्र्यांनी सुटतो. तोच प्रकार.

दुसरी म्हणजे लाळ, आणि लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं असतात, ग्लायकोप्रोटीन्स. अ‍ॅसिडनं मोकळ्या झालेल्या इनॅमलला ती चटकन धरतात आणि छिद्रांच्या तोंडावर एक पातळ साय बसते. पाणी हवेनं उडून जातं. ही साय उडत नाही, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानंही पूर्ण निघत नाही. फसवणूक अशी की वाळवल्यावर दात दिसायला कोरडाच असतो. ब्रॅकेट बसतं, त्या दिवशी टिकतं, पेशंट खूश होऊन घरी जातो. आठ-पंधरा दिवसांनी भाकरीच्या पहिल्या घासाला ते हातात येतं.

म्हणून ओलावा लागला तो कशाचा, हा प्रश्न नुसत्या ओलाव्यापेक्षा महत्त्वाचा. स्वच्छ पाण्याचा थेंब मी परत वाळवते. लाळेचा थेंब लागला तर मागे जाते.

मागे जाते म्हणजे काय करता?

प्राइमर लावण्याआधी लाळ लागली तर दात धुऊन वाळवायचा, पुन्हा थोडा वेळ, दहाएक सेकंद, एचिंग करायचं, पुन्हा धुवायचं, वाळवायचं. प्राइमरवर लाळ आली तर तो भाग साफ करून नव्यानं लावायचा. कंपोझिट लावलेलं ब्रॅकेट दातावर ठेवताना गालाचा स्पर्श झाला तर ब्रॅकेट उचलायचं, पुसायचं आणि सुरुवातीपासून.

पेशंटला वाटतं मॅडमना आज जमत नाहीये. वाटू दे. ही पाच मिनिटं वाचवली की नंतर अर्धा तास जातो आणि पेशंटचा एसटीचा हेलपाटा वेगळा.

रक्त लागलं तर?

लाळेपेक्षा वाईट. त्यातही प्रथिनं, शिवाय ते गोठतं. हिरड्या सुजलेल्या असतील, नुसत्या हवेच्या झोतानं रक्त येत असेल, तर मी त्या दिवशी ब्रॅकेट लावत नाही. आधी दात साफ करून घ्यायचे, आठ-दहा दिवस नीट ब्रश करायचा, मग या. यावर पेशंट नाराज होतात. बेळगाव किंवा गडहिंग्लजहून आलेले तर फारच. पण हिरडीलगत बसवायच्या ब्रॅकेटखाली रक्ताचा एक थेंब गेला की पुढच्या फेऱ्या वाढल्याच म्हणून समजा.

कोणती ब्रॅकेट जास्त निघतात? माझं खालचं मागचंच सारखं का निघतं?

कारण तिथं पाणवठा आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं ठरलेल्या जागी उघडतात. कानाखालच्या ग्रंथीची नळी गालातून येऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जबड्याखालच्या ग्रंथीची जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि उतार खालीच असतो, त्यामुळे खालच्या उपदाढा आणि दाढा सतत तळ्यात उभ्या. शिवाय एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला गाल. दोघांनाही आत काय चाललंय हे चाचपून बघायची भारी हौस.

त्यातच खालच्या ब्रॅकेटवर वरचे दात आपटतात. म्हणजे जिथं पकड बसवायला कठीण तिथंच मारही जास्त. खोल बाइट असलेल्या, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात अशा मुलांच्या मागच्या दातांवर आम्ही कंपोझिटचे छोटे उंचवटे ठेवतो ते याचसाठी, वरचा दात खालच्या ब्रॅकेटला लागू नये म्हणून. पहिले दोन दिवस पोरं त्या उंचवट्यांना शिव्या घालतात, मग विसरतात.

वरचे पुढचे चार दात मात्र सोपे. तिथलं ब्रॅकेट वारंवार निघायला लागलं की मला नखं कुरतडण्याचा किंवा पेन चावण्याचा संशय येतो, आणि तो सहसा खरा निघतो.

गालाला लावता तो प्लॅस्टिकचा सांगाडा, कापूस, ती घरघर करणारी नळी, एवढं सगळं लागतंच का?

हो. सांगाडा म्हणजे चीक रिट्रॅक्टर, तो ओठ-गाल दातापासून दूर धरतो. नळी म्हणजे सक्शन, तळ्यातलं पाणी उपसते. कापसाच्या गुंडाळ्या जिभेखाली आणि गालाशी. गालाच्या आतून जो त्रिकोणी कागदी तुकडा लावते तो थेट लाळेच्या नळीच्या तोंडावर बसतो. काही ठिकाणी जीभ अडवणारी पट्टी आणि सक्शन एकत्र असलेली साधनं वापरतात. लाळ कमी करणारी औषधंही आहेत, पण तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं असे त्रास त्यांनी होऊ शकतात. साध्या उपायांनी भागत असताना मी ती देत नाही.

आणि हो, काम चालू असताना आमच्या दवाखान्यात मिसळीचा विषय काढायला बंदी आहे. यात विनोद अर्धाच. चिंच, लिंबू, कट, तर्री असं काहीही ऐकलं की पेशंटच्या तोंडाला खरोखर पाणी सुटतं. असिस्टंटला हे मी एकदा समजावलंय, एकदा दटावलंय.

नाकानं श्वास घ्यायला सांगतो तेही याच कारणानं. उच्छ्वासाची हवा उबदार आणि बाष्पानं जवळजवळ भरलेली असते. थंड आरशावर हा केलं की धुकं येतं, तसंच नुकत्याच वाळवलेल्या दातावर येतं. नाक चोंदलेलं असेल तर आदल्या दिवशी फोन करून तारीख बदलून घ्या. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

पावसाळ्यात ब्रॅकेट जास्त निघतात का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर मी स्वतः चुकून शिकले आहे.

कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. गगनबावडा-राधानगरीकडं झड लागलेली, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर फुटाफुटानं चढत असते, आणि घरात पापड सोडा, काडेपेटीसुद्धा मऊ पडते. अशा हवेत तोंडातला दात वाळवणं थोडं अवघड जातं, पण खोलीतली दमट हवा हा खरा गुन्हेगार नव्हे. एसी लावला की ती बऱ्यापैकी कोरडी होते. गुन्हेगार बाहेर गच्चीवर किंवा जिन्याखाली बसलेला असतो. तो म्हणजे कॉम्प्रेसर.

दात वाळवायची हवा कॉम्प्रेसरच्या टाकीतून येते. बाहेरची हवा दाबून टाकीत भरली की तिच्यातलं बाष्प गार होऊन तळाशी पाणी साचतं. उन्हाळ्यात थोडं, जुलैत भरपूर. टाकी रोज रिकामी केली नाही, फिल्टर तुंबला, की तेच पाणी नळीतून पेशंटच्या दातावर बारीक तुषार होऊन येतं. तेलाचं वंगण लागणारा कॉम्प्रेसर असेल तर बरोबर तेलाचा अंशही. मी समजते दात वाळवतेय, प्रत्यक्षात मी त्याच्यावर तेलकट धुकं मारत असते.

एका पावसाळ्यात आठवडाभरात माझ्याच तीन पेशंटची ब्रॅकेट निघाली. तिघंही समजूतदार, तिघांचे दात स्वच्छ, आणि तिघांचीही पुढच्या सोप्या दातांवरची. मी आधी मटेरियलच्या डब्याला दोष दिला, मग लाईटला. शेवटी कॉम्प्रेसरवाल्यानं येऊन टाकीचा खालचा कॉक फिरवला, आणि जे पाणी आलं त्यानं बादलीचा तळ झाकला. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी आणि दुपारी दोनदा टाकी रिकामी होते. दर सकाळी मी हवेचा झोत तोंडात बघायच्या आरशावर आणि टिश्यू कागदावर मारून बघते. आरसा धुरकटला किंवा कागदावर डाग पडला तर काम थांबवायचं.

आणखी एक छोटी गोष्ट. मटेरियल फ्रिजमध्ये ठेवतात. थंड ट्यूब दमट हवेत उघडली की कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखा तिला घाम येतो. म्हणून ती आधी बाहेर काढून, खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच उघडायची. प्राइमरचं झाकणही उघडं ठेवायचं नाही.

तर पावसाळ्यात तारा बसवायला हरकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी कॉम्प्रेसरकडं बघितलं असलं म्हणजे झालं.

निघालेलं ब्रॅकेट बघून चूक कुणाची ते कळतं का?

पुष्कळदा कळतं. म्हणून निघालेलं ब्रॅकेट टाकून देऊ नका, कागदाच्या पुडीत घालून आणा. तारेत अडकलं असेल तर तसंच राहू द्या.

मी दोन जागा बघते: ब्रॅकेटची पाठ आणि दात. दातावर कंपोझिट अजिबात राहिलेलं नाही, सगळा थर ब्रॅकेटच्या पाठीला जसाच्या तसा आलेला आहे, तर पकड इनॅमलपाशी सुटली. म्हणजे रेझिन दातात रुजलंच नव्हतं. लाळ, ओलावा, तेल, दात नीट साफ न होणं, यांपैकी काहीतरी. अशा वेळी मी पालकांना स्पष्ट सांगते की पोराला बोलू नका, यात त्याची चूक दिसत नाही.

उलट सगळं कंपोझिट दातावरच आहे, त्यावर ब्रॅकेटच्या जाळीचा ठसासुद्धा उमटलेला आहे, तर दाताकडची पकड चांगली होती, जाळीकडून सुटलं. तिथं प्रकाश नीट पोचला नाही का, लावताना ब्रॅकेट हललं का, हे बघावं लागतं. किंवा मग जोराचा फटका: चिक्की, हाड, ऊस. अर्धं इकडं अर्धं तिकडं असेल तर सरळ उत्तर नाही.

दातावर किती कंपोझिट उरलं याला शून्य ते तीन गुण द्यायची पद्धत १९८४ पासून प्रचलित आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे सगळं, ठशासकट. गंमत अशी की उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढताना आम्हाला तीनच हवा असतो. कंपोझिट दातावर राहिलं तर ते घासून काढता येतं आणि इनॅमलला धक्का लागत नाही. काढताना तीन चांगला, आणि मधेच निघाल्यावर शून्य आला तर आम्ही आमच्याच हाताकडं बघायचं.

हा पुरावा कोर्टात टिकेल असा नाही. वरचा दात लागून हळूहळू सैल झालेलं ब्रॅकेटही कधी दात स्वच्छ ठेवून निघतं. पण एकाच पेशंटची, एकाच बाजूची, लागोपाठ दोन-तीन ब्रॅकेट दात स्वच्छ ठेवून निघाली तर त्या दिवशी त्या बाजूला सक्शन नीट नव्हतं, असं मी धरून चालते.

मुळात पकड असते तरी किती?

१९७५ पासून ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, ६ ते ८ मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला किती जोर पेलतो त्याचं माप) हा आकडा पुरेसा मानला जातो. ब्रॅकेटचा तळ साधारण १० चौरस मिलिमीटर धरला तर सरळ हिशेबानं ते ६ ते ८ किलो वजन पेलण्याइतकं झालं. तारेचा जोर यापुढं किरकोळ असतो, तो ग्रॅममध्ये मोजतात. म्हणजे तारेनं ब्रॅकेट सहसा निघत नाही, चावण्यानं निघतं. पकड फार जास्तही नको. शेवटी ते काढायचं आहे, आणि काढताना इनॅमलचा टवका उडायला नको.

ओल्या दातावरही चिकटेल असं मटेरियल नाही का आलं अजून?

आलंय, एकापेक्षा जास्त. पण जाहिरात वाचून वाटतं तेवढं सोपं नाही.

एक, ओलावा सहन करणारे प्राइमर. त्यांत पाण्याशी जुळवून घेणारे घटक आणि अल्कोहोलसारखं विद्रावक असतं, ते छिद्रांतल्या पाण्याबरोबर मिसळून आत शिरतं. दाढेसारख्या अवघड जागी मी ते वापरते. तरी सर्वसाधारणपणे कोरड्या दातावरची पकडच सरस. सहन करणं आणि आवडणं यात फरक आहे.

दोन, सेल्फ-एचिंग प्राइमर. अ‍ॅसिड आणि प्राइमर एकातच. दातावर काही सेकंद चोळायचं, हलकी हवा मारायची, धुवायचं नाही. धुणं-वाळवणं गेलं म्हणजे लाळ शिरायच्या संधी कमी झाल्या. वळवळ्या पोरांसाठी सोयीचं. पण दात आधी घासून स्वच्छ केलेला हवाच, कारण वरचं किटण धुऊन न्यायला इथं पाण्याचा फवारा नसतो.

तीन, ग्लास आयोनोमर. १९७० च्या आसपास लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधलेलं सिमेंट. त्याला घट्ट व्हायलाच पाणी लागतं, इनॅमलशी ते रासायनिक बंध करतं, शिवाय फ्लोराइड सोडतं. त्यात रेझिन मिसळलेले सुधारित प्रकार ब्रॅकेटसाठी वापरतात आणि ते ओलसर दातावर चालतात. पकड मात्र कंपोझिटपेक्षा साधारणपणे कमी. अर्धवट उगवलेली दाढ किंवा लाळ आवरतच नाही असा पेशंट असेल तर मी त्याकडं वळते, एरवी नाही.

दात भरताना डॉक्टर म्हणाले होते की दात फार कोरडा करायचा नसतो. तुम्ही उलटं सांगता.

दोघंही बरोबर. ते डेंटिनबद्दल बोलत होते, मी इनॅमलबद्दल. दात किडून खड्डा पडला की आतलं डेंटिन उघडं पडतं. एचिंगनंतर त्याच्यात कोलॅजनचं जाळं उरतं, ते पूर्ण वाळवलं तर चपटं बसतं आणि रेझिनला आत जायला वाट राहत नाही. म्हणून ते किंचित ओलसर ठेवायचं. इनॅमलमध्ये कोलॅजनचं असं जाळं नसतं. ब्रॅकेट इनॅमलवर बसतं, म्हणून खडखडीत कोरडं.

घरी पटकन चिकटणाऱ्या गोंदानं लावलं तर?

लावू नका. हे करून आलेले पेशंट मी पाहिलेत. एकानं तर बोट, ओठ आणि ब्रॅकेट तिन्ही चिकटवलं होतं.

तो गोंद सायनोअक्रिलेट जातीचा. ओलावा मिळाला की तो झटकन घट्ट होतो, म्हणून तोंडातही पटकन पकडतो आणि माणूस फसतो. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये याच जातीचं मटेरियल रीतसर आजमावूनही झालं आहे. सुरुवात बरी होते, पण सतत पाण्यात राहून ते कमकुवत होत जातं. घरातली ट्यूब तोंडासाठी बनवलेलीच नसते, हिरडी भाजते. आणि ब्रॅकेटची जागा अर्धा मिलिमीटर चुकली तरी दात त्या चुकीच्या दिशेनं इमानदारीत सरकायला लागतो.

ब्रॅकेट लावायच्या दिवशी काय करून यावं?

पोटभर जेवून, मग ब्रश करून या, कारण नंतर तासभर तरी तोंड उघडं ठेवायचं आहे. येताना बडीशेप, सुपारी, वेलची, च्युइंगम काही चघळत येऊ नका, त्यानं लाळ वाढते आणि कण दातांत राहतात. ओठाला व्हॅसलीन किंवा तेलकट लिपबाम नको. तो कापसाला लागतो, कापसाचा दाताला. आम्हीही त्या दिवशी दात तेल नसलेल्या प्युमिसनं घासतो. मिश्री लावत असाल तर त्या दिवशी नको. खरं तर कधीच नको, पण तो विषय वेगळा.

थुंकी गिळायची असेल तर हात वर करा. आपण होऊन तोंड मिटू नका. मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच असेल: "बाळा, मिटू नकोस, फक्त वीस सेकंद."

लगेच जेवलं तर चालतं का? मिसळ, तांबडा-पांढरा?

लाईटनं घट्ट होणारं कंपोझिट तिथल्या तिथं चांगलं कडक होतं, आणि पुढचे काही तास, साधारण दिवसभर, त्याची ताकद थोडी वाढत राहते. त्यामुळे पहिला दिवस-दोन दिवस मऊ खा: वरणभात, कण्या, रश्श्यात कुस्करलेली भाकरी.

तिखटानं ब्रॅकेट सुटत नाही. ही भीती बऱ्याच आज्यांना असते. तांबडा प्या, पांढरा प्या, फक्त मटणाची नळी दातानं फोडू नका. मिसळ चालते, फरसाण कटात भिजू द्या. भडंगातले शेंगदाणे, चिक्की, भाजलेलं कणीस दातानं सोलणं आणि ऊस हे मात्र बंद. कणसाचे दाणे काढून खा. गुऱ्हाळावर गेलात तर रस प्या, काकवी चाटा, कांडं चावू नका. हळदीचा रस्सा खाल्ल्यावर पारदर्शक रबरं पिवळी होतात, ती पुढच्या भेटीत बदलतात, त्यासाठी मुद्दाम फोन करायची गरज नाही.

दातावर कॅप आहे, किंवा नुकतंच ब्लीचिंग केलंय. तरी बसतं का?

बसतं. सिरॅमिक कॅपवर साधं एचिंग चालत नाही, वेगळी प्रक्रिया आणि सिलेन नावाचं द्रावण लागतं, आणि ओलाव्याचा नियम तिथंही तोच. ब्लीचिंगनंतर सुमारे दोन आठवडे थांबा. दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

हिरडीत अडकलेल्या सुळ्याला ब्रॅकेट लावतात ते कसं?

यात सगळ्या अडचणी एका जागी येतात. सर्जन हिरडी उघडतात, सुळ्याचा थोडासा भाग दिसतो, आणि त्याच्याभोवती चारी बाजूंनी रक्त पाझरत असतं. तिथं दोन-चार मिनिटं कोरडी मिळवायची, छोटं बटण आणि साखळी चिकटवायची. ते बटण सुटलं तर कधीकधी हिरडी परत उघडावी लागते. म्हणून सर्जन गॉज दाबून धरतात, सक्शन अगदी कडेला असतं, आणि खोलीत कुणी बोलत नाही.

पूर आला, रस्ता बंद आहे आणि ब्रॅकेट निघालंय. काय करू?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये हे फोन रोज यायचे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शिरोळकडचे पेशंट घरात अडकलेले. तेव्हा सांगितलं तेच आताही.

घाबरू नका. एक ब्रॅकेट सुटून आठ-पंधरा दिवस गेले तर दात थोडासा मागे सरकेल, नंतर परत येईल. ब्रॅकेट तारेवर फिरत असेल पण टोचत नसेल तर तसंच राहू द्या. टोचत असेल तर हात धुवा, ब्रॅकेट स्वच्छ टिपकागदानं वाळवा आणि मग त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेणाची गोळी दाबून बसवा. ओल्यावर मेणही धरत नाही. तार गालात घुसत असेल तर टोकाला मेण. स्वच्छ केलेल्या नेलकटरनं कापायची वेळ अगदी नाइलाज झाला तरच, आणि कापलेला तुकडा घशात जाऊ नये म्हणून मान पुढे झुकवून, मागे कापूस धरून. ब्रॅकेट पूर्ण बाहेर आलं असेल तर पुडीत ठेवा. चुकून गिळलं तर बहुधा ते आपोआप बाहेर पडतं. पण खोकला लागला किंवा श्वास अडला तर मात्र जवळच्या दवाखान्यात लगेच जा, होडीनं जावं लागलं तरी.

रस्ता सुरू झाला की फोन करून या, पुडी घेऊन.